धरणकंप

शुक्रवार, ऑगस्टचा शेवटचा आठवडा. माधवनगर.

सकाळी भुरभुर होती, दुपारी उघडलं. शाळेत नेहमीचे तास झाले, वर एक बदली तास. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा झाला. चहा बरा होता. येताना गाडीत पेट्रोल भरलं, भाजी घ्यायची राहिली. घरी कुणी नाही. लेकीच्या बाळंतपणासाठी बायको पुण्याला गेली आहे. दार उघडलं, ओला रेनकोट न्हाणीत टांगला आणि खुर्चीवर बसलो तो बसूनच राहिलो.

बाई, आज आठवीच्या एका मुलीनं मला वर्गात एक प्रश्न विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. तसं हे नवीन नाही. निवृत्ती जवळ आलेला भूगोलाचा मास्तर मी, उत्तर न येण्याची सवय झालेली आहे. पण या प्रश्नाचं उत्तर फक्त तुम्हालाच माहीत होतं, आणि तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. म्हणून लिहायला बसलो. मला पत्र लिहायची सवय नाही. तुम्ही होतात तेव्हाही मी कधी लिहिलं नाही.

मी तुम्हाला आठवत असेन असं वाटत नाही. पाटणच्या वरच्या अंगाला डोंगरात आमचं गाव. तुम्ही वाईहून बदली होऊन आमच्या शाळेत आलात तेव्हा आम्ही सहावी-सातवीत होतो. तुमचं बोलणं आम्हाला पुस्तकातल्यासारखं वाटायचं. आम्ही "व्हय बाई, न्हाई बाई" म्हणायचो आणि तुम्ही आम्हाला दुरुस्त न करता तुमचं तुमचं शुद्ध बोलत राहायचात. पेपर कराडहून दुपारच्या एसटीनं यायचा. तो तुम्ही संध्याकाळी वाचायचात आणि दुसऱ्या दिवशी शाळेत आणायचात, शनिवारी तर आठवडाभराची कात्रणं एकदम. आमच्यापर्यंत येईस्तोवर प्रत्येक बातमी जुनी झालेली असायची. म्हणून आम्ही तुमच्या त्या तासाला आपसात शिळ्याचा तास म्हणायचो. एकदा ते तुमच्या कानावर गेलं.

"कशाचा तास?"

सगळे खाली बघायला लागले. शेवटी मागच्या बाकावरचा एक जण उठून म्हणाला, "शिळ्याचा, बाई. बातमी शिळी आसती म्हनून."

"सकाळी शाळेत येताना काय खाऊन आलास?"

"शिळी भाकरी."

"पोट भरलं ना? मग बस खाली."

त्या दिवसापासून तुम्हीही त्याला शिळ्याचा तास म्हणायला लागलात. वेळापत्रकात मात्र 'सामान्य विज्ञान, पूरक' असं लिहिलेलं होतं.

त्या तासाची रीत अजून माझ्या अंगात आहे. बातमी एकानं मोठ्यानं वाचायची. मग तुम्ही एकच प्रश्न विचारायचात. हे त्यांना कसं कळलं? एकदा कुठल्याशा दूरच्या ग्रहाला नवे चंद्र सापडल्याची बातमी होती. तुम्ही विचारलंत, कसं कळलं? आम्ही म्हणालो, पेपरात आलंय म्हणून. पेपरवाल्याला कसं कळलं? त्याला सायबानं सांगितलं आसंल. साहेबाला कुणी सांगितलं? त्याच्या वरच्या सायबानं. असं करत करत आम्ही साहेबांची मोठी उतरंड रचली आणि सगळ्यात वरच्या साहेबापाशी येऊन थांबलो. तेव्हा एक मुलगी वैतागून म्हणाली, "बाई, कुनीतरी डोळ्यानं बघितलं आसंल की." तुम्ही खडू टेबलावर ठेवलात. म्हणालात, "हां. आता सांगा, कुणी बघितलं, कशातून बघितलं आणि कुठून बघितलं." मग तास तिथून सुरू झाला. दूर गेलेलं यान, त्यानं काढलेली चित्रं, ती चित्रं इथवर कशी येतात. तुम्हालाही त्यातलं सगळं माहीत नव्हतं. जे माहीत नसेल ते तुम्ही फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहून ठेवायचात आणि तो कोपरा कुणाला पुसू द्यायचा नाहीत. परीक्षेचं काहीतरी लिहायला फळा अपुरा पडला तरी तो कोपरा तसाच असायचा.

शेंडेनक्षत्र बघायला गेलो ती पहाटही आठवते. शहात्तर वर्षांनी येणारा धूमकेतू आलेला आहे, पहाटे पूर्वेच्या बाजूला दिसेल, अशी बातमी होती. तुम्ही आम्हाला गावामागच्या पठारावर घेऊन गेलात. अंगावर शाल, हातात बॅटरी, आणि बॅटरी लावायची नाही असा हुकूम. डोंगराला कुणीतरी वणवा लावलेला होता, त्याचा धूर खालच्या अंगाला पसरलेला. आम्ही माना मोडेपर्यंत बघितलं.

"दिसलं का?" तुम्ही विचारलंत.

"दिसलं, बाई!" सगळे एका सुरात. मीसुद्धा.

"कसं आहे?"

"मोराच्या पिसाऱ्यावानी!"

"कुठे?"

"त्या तिकडं. त्या धुराच्या मागं."

"धुराच्या मागचं तुला बरं दिसलं रे."

सगळे हसले. तुम्ही बराच वेळ त्या दिशेला बघत राहिलात. मग म्हणालात, "मला तर नाही दिसलं." आवाजात राग नव्हता. थोड्या दमला होतात, एवढंच. त्या दिवशी शाळेत तुम्ही फळ्यावर लिहिलंत, 'आम्ही धूमकेतू पाहायला गेलो. दिसला नाही.' आणि ते आमच्याकडून उतरवून घेतलंत. हेडमास्तर दारात उभे होते. ते म्हणाले, "अहो बाई, दिसला असं लिहा की. तालुक्याला कळवायचंय." तुम्ही म्हणालात, "कळवा ना. दिसला नाही, असं कळवा." हेडमास्तर ऑफिसात निघून गेले. आज मला त्यांचीही थोडी कणव येते. वरच्यांना काय कळवायचं, हा प्रश्न त्यांना रोज सोडवायचा असायचा.

पण मला लिहायचंय ते हादऱ्याबद्दल.

आमच्याकडे हादरे नेहमीचेच. माझ्या जन्माच्या आधी मोठा भूकंप झाला होता, त्याच्या गोष्टी घरोघरी होत्या. आम्हाला माहीत होते ते लहान हादरे. फळीवरची भांडी वाजायची, कोंबड्या ओरडायच्या, म्हातारी माणसं अंगणात येऊन उभी राहायची आणि म्हणायची, "धरण हाललं." भूकंप हा पुस्तकातला शब्द होता, गावात कुणी म्हणत नसे. तुम्ही मात्र तिसराच शब्द वापरायचात. तुमच्या घरचा असावा. धरणीकंप. मला तो कधी नीट ऐकूच आला नाही. धरण वर दहा कोसांवर, हादरा त्याच बाजूनं येतो, म्हातारी माणसं धरण हाललं म्हणतात, मग बाई जो शब्द म्हणतात तो धरणकंपच असणार. सहामाहीच्या पेपरात मी लिहिलं, 'धरणकंप झाल्यास घराबाहेर मोकळ्या जागेत यावे.' पेपर परत आला तेव्हा त्यावर नेहमीसारखं लाल पेनानं भरपूर रंगकाम होतं. ऱ्हस्व-दीर्घ, राहिलेले काने, सगळं दुरुस्त केलेलं. फक्त धरणकंप तसाच. त्याच्याखाली रेघ नव्हती, वर फुली नव्हती. उत्तराला पूर्ण गुण होते.

आपलं काही चुकलंय हे मला तेव्हा कळलंच नाही. ते कळलं कॉलेजात, धरणी म्हणजे पृथ्वी असं कुणीतरी सहज बोलताना. आणि पुढे भूगोलात वाचलं की मोठ्या धरणातल्या पाण्याचा भार आणि ते खाली झिरपणं, यानं जमिनीतला साठलेला ताण सुटून लहानमोठे हादरे बसू शकतात, आणि याचं उदाहरण म्हणून जगभर आमच्याच कोयना खोऱ्याचं नाव घेतात. तेव्हा मला तो पेपर आठवला. मी मनाशी म्हटलं, बाईंना हे माहीत होतं. म्हणून त्यांनी तो शब्द खोडला नाही. पोरानं चुकून अर्धं खरं लिहिलंय, तर ते राहू द्यावं, असा त्यांनी विचार केला. तो पेपर आज माझ्याकडे नाही. पण ही गोष्ट मी तेव्हापासून जपून ठेवली. मास्तर झालो ते तिच्यामुळेच, असं म्हणणार नाही; नोकरी हवी होती म्हणून झालो. पण झाल्यावर शिळ्याचा तास सुरू केला तो मात्र तिच्यामुळे. आणि भूकंपाचा धडा आला की दर वर्षीच्या मुलांना ही गोष्ट सांगत आलो. मुलं हसतात, धरणकंप शब्द त्यांना आवडतो, आणि मग वरचं शास्त्र बरोबर डोक्यात बसतं. शेवटी मी म्हणतो, आमच्या बाईंनी तो शब्द मुद्दाम खोडला नाही.

आमची शाळा पलूस तालुक्यात नदीकाठच्या गावात आहे. इथं तास चालतो, पण आता शिळा काहीच राहत नाही. बातमी मी वर्गात न्यायच्या आधी मुलांच्या हातात येऊन जुनी झालेली असते, खरी आणि खोटी एकाच ताटात. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ आपलं यान उतरलं तेव्हा सगळी शाळा पडद्यासमोर बसली होती. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, यान उतरलं हे कसं कळलं? एक पोरगं म्हणालं, "सर, टाळ्या वाजल्या की!" वर्ग हसला, मीही हसलो. नंतर वाटलं, त्याचं बरोबर होतं. आम्ही कुणी यान उतरताना पाहिलं नव्हतं. टाळ्या वाजवणारी माणसं पाहिली होती. टाळ्या वाजवणाऱ्यांना कसं कळलं, यावर पुढे चांगले दोन तास गेले. असे दिवस आता कमी येतात. बाकी दिवशी उल्का आदळणार, सूर्य झाकला जाणार, असलं काहीबाही कुणीतरी वाचून दाखवतं. तेव्हा कसं कळलं हे विचारता विचारता माझ्याच तोंडाला कोरड पडते.

गेल्या आठवड्यात पेपरच्या जिल्हा पानावर चार ओळी होत्या. कोयना परिसरात सौम्य धक्का, कुठंही नुकसान नाही, धरण सुरक्षित. पावसाचे दिवस, धरण भरत आलेलं, नदीचं पाणी वाढलेलं. म्हटलं, याहून चांगली बातमी कुठली मिळणार? तास घेतला. मुलांना सांगितलं, उसाच्या कोरड्या वरंब्यावरून चाललात तर पाय घसरतो का? नाही. ओल्या वरंब्यावर घसरतो. जमिनीच्या आतल्या भेगांचंही तसंच आहे. त्या आधीच घसरायच्या बेतात असतात, पाणी निमित्त होतं. मग धरणकंपाची गोष्ट सांगितली. तास छान झाला. असं मला वाटलं.

संध्याकाळी घरी चहा पीत होतो. फोनवर एका ओळखीच्या माणसाचा मेसेज आला. 'सर, हे खरं आहे का?' खाली कुणाकुणाकडून फिरत आलेला मजकूर. 'आज रात्री धरणकंप होणार आहे. असं भूगोलाच्या सरांनी शाळेत सांगितलं आहे. नदीकाठच्या लोकांनी सावध राहावे.' त्याखाली जोडलेले हात. मी तो मजकूर पुन्हा पुन्हा वाचला. त्यात एक शब्द माझा होता. माझ्या बारा वर्षांच्या वयातला, माझ्या अक्षरातला, तुम्ही न खोडलेला. तो पाटणच्या डोंगरातून उतरून नदीच्या आधी खाली आला होता.

लगेच जेवढ्यांना फोन करता आले तेवढ्यांना केले. खोटं आहे म्हणून लिहून पाठवलं. पण 'खोटं आहे' हे वाक्य फार लांब जात नाही. त्या संध्याकाळी गावातल्या काही घरांनी सामान हलवलं. इथं माणसांना घाबरायला फार सांगावं लागत नाही. महापुरात यांच्या माळ्यापर्यंत पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी एक म्हातारी उभी होती. आठवीतल्या त्या मुलीची आजी. डोक्यावर पदर, पायात प्लॅस्टिकच्या चपला, चिखल घोट्यापर्यंत.

"आवं सर, ते धरणकंप का फिरनकंप, कवा हाय म्हनायचं?"

"आजी, तसं काही नाही. चुकून पसरलं ते."

"न्हाई? मग मी शेरडं घिऊन लेकीच्या दारात कुंडलला कशापायी गेले? जावई म्हनतोय, मामी, दिवाळीला लय टाईम हाय की, आत्ताच कशा आला? शेरडास्नी बी सुट्टी हाय वाटतं!"

फाटकावरचा शिपाई हसला. ती पण हसली. मग हसणं थांबवून माझ्याकडे बघत म्हणाली, "हसू द्यात. मला त्याचं काय न्हाई. पन सर, महापुराच्या टायमाला कुनी सांगितलं न्हाई म्हनून बसून ऱ्हायलो. नावंत घालून काढलं आमास्नी. आता सांगितलं म्हनून हाललो, तर हे आसं. फुडच्या बारीला कुनी बी सांगू द्या, मी काय हालायची न्हाई बघा."

मी म्हणालो, "आजी, असं करू नका."

"मग कसं करू?"

जाताना ती वळून म्हणाली, "आन पोरीला बोलू नगासा. तिनं पदरचं काय सांगितलं न्हाई. तुमी सांगितलं तेच घरात सांगितलं."

बाई, हे ओझं तेव्हापासून उतरलेलं नाही. हसणारे हसून विसरतील. पण पुढच्या पावसाळ्यात किंवा त्याच्या पुढच्या, खरंच निरोप येईल, आणि ती म्हातारी घोंगडं अंथरून घरात बसून राहील. तिला बसवणारा मी असेन. तास छान झाला होता, त्याचा हा हिशेब.

मुख्याध्यापकांनी आज बोलावलं. ते माझ्यापेक्षा बरेच लहान आहेत, माणूस वाईट नाही. स्वतः चहा मागवला. म्हणाले, "सर, तुमचं शिकवणं चांगलं आहे, मी नाही म्हणत नाही. पण पुस्तकात आहे तेवढंच घ्या ना. पुस्तकातलं कुणी फॉरवर्ड करत नाही." मी हसलो. मला ते वाक्य आवडलं. मग ते म्हणाले, शुक्रवारचा तो शिळ्याचा तास सराव चाचणीला द्यायचा विचार आहे, सोमवारी तुमचं काय ते सांगा. मी "बरं" म्हणालो. पूर्वी मी अशा ठिकाणी वाद घालायचो. आज बशीतला चहा संपवला आणि तासावर गेलो.

आठवीत मी आधी झाला प्रकार सरळ सांगितला. मेसेज चुकीचा होता, भूकंप कधी होणार हे आधी कुणालाच सांगता येत नाही, मी तसं म्हणालो नव्हतो. जमीन हलणं वेगळं आणि धरण फुटणं वेगळं. पेपरात धरण सुरक्षित असल्याचं आलंय. लगेच मागून एकानं विचारलं, "त्यास्नी कसं कळलं, सर?" बरं वाटलं. धरणाच्या भिंतीत यंत्रं असतात, हादऱ्यानंतर माणसं आत जाऊन पाहणी करतात, जे माहीत होतं ते सांगितलं. आणि मग ती मुलगी उठली. आठवडाभर ती मान वर करत नव्हती. तिच्या शेजारणीनं तिला खाली ओढलं तरी ती उभीच राहिली.

"सर, एक इचारू?"

"विचार."

"तुमच्या बाईंनी तो शब्द मुद्दाम खोडला न्हाई म्हनला तुमी."

"हो."

"ते तुमास्नी कसं कळलं?"

कुणीतरी हळूच म्हणालं, "आता सर गावले." ती अजून उभीच होती. म्हणाली, "मी आजीला तेच म्हनलं. म्हनलं, सरांच्या बाईंनी पन खोडलं न्हाई, म्हंजे खरंच आसनार. म्हनून आजी हालली. बाई तुमास्नी तसं म्हनल्या हुत्या का, सर?"

मी तोंड उघडलं तेवढ्यात घंटा झाली. मुलं दप्तरं भरायला लागली. ती मात्र पाठीला दप्तर लावून दारापाशी जरा थांबली. मी फळा पुसायला घेतला.

तुम्ही तसं म्हणाला नव्हतात, बाई. कधीच नाही. मी कधी विचारलंही नाही. तुम्ही गेल्याचं मला कळलं तेही शिळंच. कराडला एका लग्नात आमच्या वर्गातला एक जण भेटला. म्हणाला, "बाई गेल्या की रं, तुला ठावं न्हाई व्हय?" पाऊस सुरू व्हायच्या आधी वाईत गेलात, आणि तेव्हा दिवाळी उलटलेली होती. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "तुला कसं कळलं?" तो विचित्र नजरेनं बघायला लागला. मग म्हणाला, "वाईला पावनं हाईत माझं, त्येनी सांगितलं." आम्ही दोघं पंगतीला बसलो.

गाडीवरून येताना आज त्याच एका पेपराचा विचार करत होतो. त्या सहामाहीला तुमचे वडील वाईला आजारी होते. दर शनिवारी शाळा सुटली की तुम्ही पेपरांचा गठ्ठा बगलेत धरून एसटीसाठी फाट्यावर उभ्या असायचात, आणि गठ्ठ्यातला वरचा पेपर तिथंच गुडघ्यावर ठेवून तपासायला सुरुवात करायचात. गाडीच्या हादऱ्यात तुमच्या लाल रेघा वाकड्या आलेल्या असायच्या. अशा वेळी एक वेलांटी नजरेतून सुटायला काय लागतं? मी स्वतः इतकी वर्षं पेपर तपासतोय. माणूस पुष्कळदा समोर लिहिलेला शब्द वाचत नाही, त्याला माहीत असलेला शब्द वाचतो. तुम्ही धरणीकंपच वाचलं असेल. किंवा चूक दिसली असेल, आणि तेवढ्यात गाडी आली असेल. किंवा खरंच मुद्दाम. या तिन्हींतलं काय, ते सांगणारं आता कुणी नाही. पेपर नाही, तुम्ही नाही.

म्हणजे इतक्या वर्षांच्या मुलांना मी जे ठामपणे सांगत आलो, ते धुराच्या मागचं शेंडेनक्षत्र होतं. मला ते पिसाऱ्यासारखं दिसत होतं, एवढं खरं.

सोमवारी मुख्याध्यापकांना काय सांगायचं ते ठरलं आहे. शुक्रवारचा तास सराव चाचणीला घ्या, पण सोमवारचा माझा भूगोलाचा तास माझा आहे. त्यात फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहीन, 'बाईंनी शब्द का खोडला नाही? माहीत नाही.' तो कोपरा वर्षभर पुसायचा नाही असं मुलांना सांगेन. त्या मुलीला दुसरं काही देण्यासारखं माझ्याकडे नाही. तिच्या आजीकडेही जायचं आहे. काय बोलायचं ते सुचलेलं नाही. मेसेज चुकीचा होता हे तिला समजलंय. पुढच्या वेळी कुणाचं ऐकून हलायचं, हे तिला माझ्याकडून हवंय, आणि ते एका खेपेत होणारं काम नाही. पाणी वाढलं की मी स्वतः तिच्या दारात जाऊन उभा राहीन, इतकंच कबूल करता येईल. ते तरी करावं.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. वाईचा तुमचा पत्ता माझ्याकडे कधी नव्हताच. एक मात्र लिहून ठेवतो. आज त्या पोरीनं विचारलं तेव्हा 'माहीत नाही' हे उत्तर घंटेच्या आधीच माझ्याकडे होतं. म्हणायला धजलो नाही. तुम्ही माझी चूक बघून, समजून, राहू दिली, असं मानल्यावर मला बरं वाटायचं. कुणीतरी आपलं नीट वाचलं, असं.

दिवेलागण झाली आहे. डब्यात कालची एक भाकरी आहे, कडक झालेली. ती ताकात कुस्करली, मीठ टाकलं आणि वर ताटली झाकून ठेवली. ती भिजेपर्यंत जिल्हा पानावरच्या त्या चार ओळी कापून घेतो. कात्री लेकीच्या खोलीत आहे.